सकाळी लाकूड, दुपारी लोणी

गास,
३ जानेवारी २०२६

दादा,

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. परवा फोनवर आपण जे भांडलो ते आईने स्पीकरवर ऐकलं, आणि कुंपणापलीकडून फ्लॉसीकाकूंनीही ऐकलं. त्यांनी वाल सोलायचे थांबवले होते म्हणे. फोन बंद झाल्यावर आईने माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि निकाल दिला, "गाडीवरनं यापुढं फोनवर भांडायचं नाय. भांडायचंय तं लिवून भांडा. लिवताना मानूस जरा इचार तरी करतो." तुलाही तिने हेच बजावलंय असं कळलं. तेव्हा भांडते.

तू म्हणालास, मी तुझ्या लाल मोटरसायकलचा क्लच जाळला. खोटं आहे. तू बंगळूरला गेलास तेव्हा ती पडवीत सोडून गेलास. वर्षभर मी ती चालवली, आणि नीट चालवली. मी तुळिंजच्या लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्त घेते हे तुला माहीत आहे. उपाशीपोटीच्या तपासण्या असतात, लोक सकाळी सहाला दार उघडून चहाशिवाय बसलेले असतात. एकाही माणसाला मी ताटकळत ठेवलेलं नाही. क्लच जाळत जाणाऱ्या मुलीला हे जमतं का?

आता दुखणं ऐक. डिसेंबर लागला तसा क्लचचा दांडा सकाळी लाकूड होतो, दोन्ही हातांनी दाबावा लागतो. दुपारी परत येताना तोच दांडा लोणी. गेल्या आठवड्यापासून गिअरच पडेना, म्हणून गाडी उभी. मला यात जळल्यासारखं काही दिसत नाही.

तू पंचवीस तारखेला विरारचं गिऱ्हाईक पाठवणार आहेस. पाठव. पण त्याआधी मी ती गाडी घरी, आपल्या पडवीत, स्वतः दुरुस्त करणार. आणि चालू झाली तर ती माझी. मला स्कूटर नको, कुणाच्या मागे बसायला नको, पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून फोटोपुरती मिळालेली बुलेट तर मुळीच नको. मला तीच गाडी हवी, रोजची. कबूल आहे का ते लिहून पाठव.

जागृती


बंगळूर,
८ जानेवारी

जागू,

पोस्टमनने सही घेताना माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं कोर्टाची नोटीस आली. वाचल्यावर वाटलं, तीच बरी होती.

अगं, त्या गाडीला वायरचा क्लच नाही. वायर असती तर कुठल्याही पोराने बदलून दिली असती. हँडलवर डावीकडे काचेची बारीक खिडकी असलेली डबी आहे ना, तिच्यात तेल असतं. तू दांडा दाबतेस तेव्हा ते तेल नळीतून खाली ढकललं जातं आणि इंजिनाजवळचा छोटा सिलिंडर क्लच उघडतो. नळीत हवेचा एक बुडबुडा शिरला तरी खेळ खलास. तेल दाबलं जात नाही, तुझा दांडा नुसता हवा दाबत बसतो. विरारच्या गॅरेजवाल्याने मला एकदा हात जोडून परत पाठवलं होतं. आणि तू पडवीत दुरुस्त करणार, तांदूळ निवडायच्या पाटावर बसून!

पण कबूल. लिहून देतो. पंचवीस तारखेला गिऱ्हाइकासमोर गाडी पहिल्या गिअरमध्ये पडून आपल्या पायांनी गल्लीबाहेर गेली, तर तुझी. गॅरेजवाला बोलवायचा नाही आणि बाबांनी पान्याला हात लावायचा नाही. नाही जमलं तर गाडी त्याच दिवशी जाईल आणि तू स्कूटर घेशील, निमूटपणे.

एक सांगून ठेवतो, नाहीतर म्हणशील लपवलं. नळीतली हवा काढणं हे एकट्याचं काम नाही. वर दांडा दाबून धरायला एक माणूस लागतो आणि खाली स्क्रू उघडायला दुसरा. घरात तुला कोण मिळतंय बघू. आईला तर ती गाडी डोळ्यांसमोर नको असते.

डबी उघड, म्हणजे तू काय करून ठेवलंयस ते तुला कळेल.

प्रीतम


गास,
१४ जानेवारी

दादा,

पाकिटात आईने तिळगूळ घातलाय. गोड बोलायची जबाबदारी तिची, माझी नाही.

डबी उघडली. झाकणाचे दोन्ही स्क्रू गंजून बसले होते, आपल्याकडची खारी हवा तुला ठाऊक आहे. आधी मोडतात की काय असं झालं. मग उकळत्या पाण्याचं फडकं वर ठेवलं, जरा थांबले आणि हळूच फिरवले. बाबा बागेतून येता-जाता विचारत होते, "डॉक्टरीणबाई, पेशंट वाचला का?"

दादा, क्लच जळलेला नाही. त्या डबीत जे तेल असायला हवं ते नव्हतं, भलतंच काहीतरी होतं. त्याने आतले रबर फुगलेत. वाटाणे भिजत घातल्यावर फुगतात ना, तसे. फुगलेला रबर सिलिंडरात अडकून बसला, मग दांडा कसा हलणार? खालच्या सिलिंडरात तेच, नळीतही तेच.

ते काय होतं आणि कोणी घातलं, हे विचारू नकोस. मी सांगणार नाही. तू तिथून ओरडलास तरी नाही आणि इथे येऊन बसलास तरी नाही.

सगळं सुटं केलं. मेडिकलमधून नव्या सिरिंजा आणल्या, त्यांनी जुनं तेल ओढून काढलं. नळी धुतली, वाळवली. फुगलेल्या रबरांचे फोटो मुंबईच्या दुकानाला पाठवले, नवे कुरियरने येताहेत. नव्या तेलाची सीलबंद बाटली आणली. ते तेल रंग खातं म्हणून टाकीवर बाबांचा जुना पंचा ओला करून पसरलाय.

आणि हे तुझं "बुडबुडा, बुडबुडा" मला नको शिकवूस. मी रोज सुया धरते. नळीतली हवा म्हणजे काय हे मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं.

जागृती


बंगळूर,
१८ जानेवारी

जागृती,

म्हणजे स्वतःच्या तोंडाने कबूल केलंस! भलतंच तेल त्या डबीत आपोआप चालत गेलं का? वर्षभर ती गाडी तुझ्याशिवाय कोणाच्या हातात होती? बाबा तिच्याकडे बघत नाहीत, आई तिच्या वाऱ्याला उभी राहत नाही. तेल कमी झालेलं दिसलं, हाताशी सापडलं ते ओतलंस, आणि आता "विचारू नकोस" म्हणतेस. विचारतो कशाला? कळलं.

पैज गेली खड्ड्यात. तूच बिघडवायचं आणि तूच दुरुस्त करून गाडी घ्यायची, हा कुठला न्याय? गिऱ्हाइकाला मी सांगितलंय, आहे तशी उचल, सुटे भाग काढायला तरी होईल. पंचवीसला तो टेम्पो घेऊन येईल. तू मध्ये पडायचं नाहीस.

आणि सरळ सांगतो, मला तू ती गाडी चालवलेली आवडत नाही. तिचं वजन तुझ्या तिप्पट. उद्या उड्डाणपुलावर काही झालं तर आईबाबांना मी कोणत्या तोंडाने सामोरा जाऊ? लोक मला विचारतील, बहिणीला हीच गाडी द्यायला सापडली का.

राग आला तर येऊ दे.

प्रीतम


गास,
२५ जानेवारी, संध्याकाळ

दादा,

समज मीच घातलं. समज मी त्यात उसाचा रस ओतला. तरी ते काढलं मी, धुतलं मी, नवे रबर बसवले मी. पैज कबूल करून लिहून दिलीस तूच, आणि ते पत्र माझ्याकडे आहे. आता तू ती मोडलीस म्हणून मी मोडलेली मानायची का? मानत नाही.

काय झालं ते क्रमाने ऐक. रबर गुरुवारी आले. बसवले, नवं तेल भरलं, दांडा दाबला तर पोकळ. हँडलला जाऊन टेकला आणि तिथेच राहिला. नळीभर हवा होती. खालच्या स्क्रूला पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक बरणीतल्या तेलात सोडलं आणि एकटीने करून बघितलं. एक हात वर, एक खाली, पाना दातात. तू हसशील म्हणून सांगणार नव्हते. जमलं नाही. मग केळीच्या वाळल्या सोपटाच्या दोरीने दांडा हँडलला घट्ट बांधला, मोगऱ्याचे गजरे बांधतो तसा, आणि शुक्रवारी सकाळपर्यंत तसाच ठेवला. बारीक बुडबुडे आपोआप वर चढले. दांड्यात थोडा जीव आला, पण पुरेसा नाही. तुझं म्हणणं खरं होतं, दुसरा माणूस हवाच होता.

तो माणूस आई झाली. मी बोलावलं नव्हतं. भांडी टाकून आली, पदर खोचला, स्टूल ओढलं आणि दांडा धरून म्हणाली, "सांग." मी खाली बसले. "दाब." ती दाबायची. "धर." ती धरायची. मी स्क्रू उघडायची, बरणीत बुडबुडे भसकन यायचे, स्क्रू बंद. "आता सोड." पहिल्यांदा तिने आधीच सोडला आणि काढलेली सगळी हवा पुन्हा आत! मी ओरडले. एरवी तिने मला उलट दहा ऐकवली असती. ती गप्प बसली, दांडा पुन्हा धरला आणि नंतर एकदाही चुकली नाही. पूर्ण वेळ तोंडातून एक शब्द नाही. नजर त्या काचेच्या खिडकीवर. तेल खाली गेलं की मान हलवायची, मी उठून भरायची. शेवटी बरणीत नुसतं तेल आलं, स्वच्छ. दांडा घट्टही नाही, पोकळही नाही. आपला हात त्याला कळतो, असा झाला.

आज अकराला तुझं गिऱ्हाईक टेम्पो घेऊन आलं. मी गाडी सुरू केली, क्लच दाबला, पहिला गिअर टाकला. पडला, दादा! आवाजसुद्धा न करता पडला. गल्लीतून निघून तळ्याला वळसा घालून परत आले. फ्लॉसीकाकूंनी कुंपणावरून टाळ्या वाजवल्या. तो माणूस मला म्हणाला, "चालू गाडी है तो और अच्छा है, चाबी दे दो." मी म्हटलं, नाही देत. तो तुला फोन लावायला लागला. तेवढ्यात आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. "पानी पी बाबा, उन्हातनं आलास," म्हणाली. त्याचं पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "आता जा. गाडी इकायची नाय. ती आमची पोर चालवते."

टेम्पो रिकामा गेला. किल्ली माझ्या खिशात आहे. हवी असेल तर इथे ये आणि माझ्याकडून घेऊन दाखव.

जागृती


बंगळूर,
३० जानेवारी

जागू,

गिऱ्हाइकाने फोनवर माझी यथेच्छ पूजा केली. मी ऐकून घेतली. तुझं पत्र आल्यावर तुझ्यावर तुटून पडायला कागद घेऊन बसलो, आणि अडलो.

आईने माझं गिऱ्हाईक परत पाठवलं? जी आई म्हणायची की ती गाडी म्हणजे घरात आणलेली अवदसा आहे, ती स्टूल ओढून क्लच दाबत बसली? तू ओरडलीस आणि गप्प राहिली? माझ्या आईला मी ओळखतो. हे काही जुळेना.

मग तुझं पहिलं पत्र काढलं. सकाळी लाकूड, दुपारी लोणी. थंडी पडल्यापासून. वाचत होतो आणि समोर खिडकीत माझी डोक्याच्या तेलाची बाटली होती. घरच्या नारळांचं, आईने घाण्यावरून काढून आणून पाठवलेलं. इथे सकाळी पांढरं घट्ट असतं, मी बाटली उन्हात ठेवतो आणि दुपारपर्यंत वितळतं. लहानपणी थंडीत आपली बाटली आई तुळशीकट्ट्यावर ठेवायची, आठवतं ना?

जागू, तिने त्यात खोबरेल घातलं.

मी दर रविवारी डबीच्या काचेच्या खिडकीत वाकून बघायचो आणि तेल रेषेखाली गेलं की भरायचो. ती दारात उभी राहून बघायची, तोंड वाकडं करून. मला वाटायचं चिडलीय. मी गेल्यावर तिने ती रेष सांभाळली. मी येईन तेव्हा गाडी तयार असावी म्हणून. आणि घरात जे सगळ्यात चांगलं तेल होतं, ते घातलं. मला रडू आलं, तुला काय सांगायचं.

आणि मी तुला चोर ठरवलं. तू तिच्यावर बोट येऊ नये म्हणून दोष स्वतःवर घ्यायला तयार झालीस.

आता एक माझं ऐक. ती गाडी मी बंगळूरला का आणली नाही? जागा नाही, हे निमित्त होतं. घर सोडण्याच्या महिनाभर आधी हायवेवर एका ट्रकच्या पुढ्यात ती माझ्या हातून निसटली. लागलं काहीच नाही, पण त्यानंतर तिच्यावर बसलो की हात कापायचे. तू ती रोज पहाटे घेऊन उड्डाणपूल चढतेस हे ऐकून मला तुझी काळजी वाटायची हे खरं, आणि हेवा वाटायचा हेही तितकंच खरं.

गाडी तुझी. पैजेने तुझी. सोबत दुसरी किल्ली पाठवतोय. नावावर करायचं काम मी पाडव्याला आलो की करू.

फक्त आईला कळू देऊ नकोस की मला कळलंय. बिचारी आतल्या आत झुरत असेल. तिला आयुष्यात कधी मान खाली घालावी लागलेली नाही, आपल्यामुळे नको.

तुझा,
दादा


गास,
४ फेब्रुवारी

दादा,

किल्ली मिळाली. आभार मानणार नाही, कारण ती मी मिळवलेली आहे. पण तुझं पत्र उशीखाली ठेवलंय, हे सांगायला हरकत नाही. आणि हात कापतात त्याची लाज वाटून घेऊ नकोस. पाडव्याला आलास की तळ्याच्या रस्त्याला माझ्या मागे बस. मग पुढचं बघू.

आता तुझ्या बिचाऱ्या आईचं ऐक.

मीही तुझ्यासारखीच समजले होते. डबी उघडली तेव्हा आई शेजारीच होती. झाकणाखाली पांढरा थर बघून माझ्या तोंडून "अगंबाई" निघालं, आणि आई उठून आत गेली. तेव्हापासून मी तिला जपत होते. स्वयंपाकघरात तेलाची बाटली दिसली की नजर वळवायची. तिचं ते गप्प बसणं बघून माझं काळीज तुटत होतं.

काल मी डबीची खिडकी पुसत होते. फ्लॉसीकाकू कुंपणावर आल्या आणि आत आईला हाक मारून म्हणाल्या, "गो द्वारका, त्या गाडीला झालेलं काय ते तरी सांग!" मी घाईघाईने काहीतरी खारी हवा, गंज असं सांगायला लागले. आई बाहेर आली, कमरेवर हात ठेवला आणि कुंपणापलीकडच्या दोन घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काय झालं म्हंजे? मी तेल घातलं. घरचं, घाण्यावरचं, वासाचं. त्या तेलावर माझी दोन पोरं वाढली, त्यांचं काय फुगलं नाय. यांच्या रबराला सोसत नाय तं ती गाडी बनवनाऱ्याची चूक. त्याने रबर बरा घालायला नको?"

दादा, ती झुरत नव्हती. ती चिडली होती. शुक्रवारी क्लच दाबताना जी गप्प होती ना, ती त्या गाडीशी अबोला धरून होती! मी विचारलं, मग टेम्पो का परत पाठवलास? म्हणाली, "ज्या गाडीनं माझं तेल नाकारलं ती मी बरी करून घेतली. आता ती दुसऱ्याला द्यायची? आनि तू ती पहाटे काढतेस तवा मी दारात उभी असते. तुला दिसत नाय. पोर माझी कशी जाते ते मी बघते."

मी म्हटलं, "बस मागे."

बसली. पदर डोक्यावरून घट्ट बांधून घेतला, वर माझं जुनं हेल्मेट चढवलं. बाबा केळीचा घड खांद्यावर घेऊन उभेच राहिले. ना सण, ना शोभायात्रा, साधा मंगळवार होता. आम्ही तळ्यावरून पुढे उड्डाणपुलापर्यंत गेलो. पुलाच्या चढावर तिने मागून माझ्या खांद्यावर थाप मारली. मला वाटलं घाबरली, म्हणून हळू केली, तर कानाशी ओरडली, "हलू कशाला करतेस?"

नवीन तेलाची बाटली कोनाड्यात ठेवलीय, खोबरेलाच्या शेजारी. आई दर रविवारी खिडकीत वाकून रेष बघणार आहे, ते काम तिने सोडलेलं नाही. मी दोन्ही बाटल्या तिला दाखवल्या. दोन्हींचा वास घेऊन म्हणाली, "हे काय तेल? पन घालीन, तू म्हनतेस म्हनून."

तू पाठवलेली किल्ली मी तिलाच दाखवायला नेली होती. तिने घेतली, निरखली आणि कनवटीला खोचून टाकली. म्हणाली, ही माझ्याकडे राहील, तुम्ही दोघं उद्या पुन्हा भांडाल आणि गाडी विकायला काढाल.

तेव्हा दादा, यापुढे गाडीबद्दल काही म्हणायचं असेल तर मला नको सांगूस. तिच्याशी भांड. लिहून.

जागृती